तसबिरीतले बाबा कोण? गोव्यातल्या घराचा इतिहास कसा शोधायचा

आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरी देवखोलीच्या दारावर एक तसबीर आहे. डोक्याला पगडी, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध. चवथीला आरती झाली की आधी गणपतीला आणि मग या तसबिरीला नमस्कार करायचा, अशी लहानपणापासूनची शिस्त. ‘हे तुमचे पणजोबा,’ असे आजी सांगायची. आम्ही तेच आमच्या मुलांना सांगितले. २०१३ साली कळले की ते पणजोबा नाहीत, त्यांचे धाकटे भाऊ आहेत.

हे कळायला एक जुना फोटो, नव्वदीतली एक आजी आणि दोन पोर्तुगीज कागद लागले. यातले एक जरी नसते तरी उलगडा झाला नसता. आपल्या घराण्याचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून करायची, थेट पणजीला पुराभिलेखात (जुन्या सरकारी दफ्तरात) जायचे का, असे अनेक जण मला विचारतात. तिथे सगळ्यात शेवटी जायचे. मी उलटे केले आणि दोन वर्षे घालवली. ज्या क्रमाने करायला हवे होते तो क्रम इथे लिहिते.

वही उघडा, आणि भटजींना विचारा

एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव लिहा. मग आईवडील, मग चारही आजीआजोबा. आईकडची बाजू पहिल्या दिवसापासून लिहा, ‘नंतर बघू’ म्हटले की ती राहूनच जाते. आजीचे नाव विचारताना दोन नावे विचारा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायचे, त्यामुळे घरात जिला सगळे एका नावाने ओळखतात तिची जन्माची नोंद भलत्याच नावाने असते. माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि माहेरचे आडनाव माहीत नसेल तर पुढे कोणत्याही कचेरीत ती सापडणार नाही.

तीन पिढ्यांपर्यंत नावे आठवतात, मग गाडी अडते. हिंदू घरांत त्यावर एक हाताशी असलेला उपाय आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे गोत्रासह उच्चारतात, त्यांच्या बायकांचीही. आईच्या वडिलांकडच्याही तीन पिढ्या येतात. भाद्रपदातल्या म्हाळाला तर काका, मामा, आत्या, बहिणी, निपुत्रिक गेलेली माणसे अशी लांबलचक यादी वाचली जाते. ही यादी बहुतेक घरांत एखाद्या जुन्या डायरीत किंवा घरच्या भटजींच्या वहीत असते. ती मागून घ्या आणि जशीच्या तशी उतरवा. एखादे नाव ओळखीचे नसेल तर त्याच्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह घाला, ते गाळू नका. गोकर्णाला, नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला कुणी पूर्वज गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही घराण्याची नावे मिळू शकतात. जाताना गाव, आडनाव आणि निदान एका पूर्वजाचे नाव सोबत हवे.

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहायची सवय लावा. मी तीन खुणा वापरते: ‘ऐ’ म्हणजे कुणाकडून तरी ऐकलेले (कुणाकडून तेही लिहायचे), ‘पा’ म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले, आणि ‘का’ म्हणजे कागदावरचे. ‘तसबीर पणजोबांची’ ही आमच्याकडे सत्तर वर्षे ‘ऐ’ होती आणि आम्ही ती ‘पा’ समजत होतो. आजी लग्न होऊन घरात आली तेव्हा तसबिरीतले गृहस्थ आधीच वारलेले होते, हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते.

फोटो शोधा, पण घाईने साफ करू नका

पोटमाळा, पत्र्याच्या पेट्या, देवखोलीतला कोनाडा, जुन्या पोथ्यांच्या आत, बँकेच्या पासबुकांमध्ये, दारांवरच्या तसबिरींच्या मागे. तसबिरीच्या मागे पुठ्ठा असतो आणि त्या पुठ्ठ्याआड दुसराच फोटो निघाल्याचे मी दोन घरांत पाहिले आहे.

गोव्याच्या पावसाने फोटोंचे जेवढे नुकसान केले तेवढे कशानेच केले नसेल. चार महिने हवेत इतका ओलावा असतो की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, त्यावर बुरशी चढते, काचेला फोटो चिकटतो आणि कागदाला कसर लागते. म्हणून हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, पाणी लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. काचेसकटच त्याची प्रत काढा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली की पुरे. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन यांतले काहीही फोटोला लावू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले चिकट पानांचे अल्बम फोटोंना फार वाईट, त्यांतले फोटो अलगद निघत असतील तर काढून घ्या.

प्रत काढायला स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर ठेवा. नसेल तर सकाळच्या वेळी बलकांवात (घरापुढच्या ओसरीत), थेट ऊन नसलेल्या उजेडात फोटो सपाट ठेवून मोबाइलने काढा, फ्लॅश बंद. पुढची बाजू काढली की मागचीही काढायची. खरी माहिती बहुतेक वेळा मागेच असते. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वहीत लिहा. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गोव्याबाहेरच्या नातेवाइकाकडे. मूळ फोटो साध्या पांढऱ्या आम्लविरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात ठेवा.

फोटो वाचायला शिका

आता घाई सोडून एकेक फोटो घेऊन बसा. भिंग घ्या, नाहीतर स्कॅन मोठा करून पाहा.

आधी कागद. पातळ कागद जाड कार्डावर डकवलेला, तांबूस-पिवळट रंगाचा फोटो बहुधा एकोणिसाव्या शतकातला. सुमारे सहा गुणिले दहा सेंटिमीटरचे छोटे कार्ड १८५४ नंतर जगभर चालू झाले, अकरा गुणिले साडेसोळाचे मोठे ‘कॅबिनेट’ कार्ड १८६६ पासून. काळ्यापांढऱ्या फोटोच्या गडद भागावर, विशेषतः कडांना, आरशासारखी चंदेरी झाक दिसत असेल तर तो जिलेटिनचा फोटो, म्हणजे बहुतेक विसाव्या शतकातला. नागमोडी कापलेली पांढरी कड असेल तर साधारण १९३० ते १९६० च्या दशकांपर्यंतचा. मागे ‘कोडॅक वेलॉक्स’, ‘आग्फा ब्रोव्हिरा’, ‘गेव्हर्ट रिडाक्स’ असे छापलेले असेल तर तो कागद बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का, फोटोग्राफरचा नव्हे. तांबडट पडलेले रंगीत फोटो बहुतेक सत्तरच्या दशकातले.

मग स्टुडिओचा शिक्का. गोव्याच्या फोटोंना इथे एक फायदा आहे. पोर्तुगीज भाषेचे शुद्धलेखन १९११ साली सरकारने बदलले. त्याआधी ‘फोतोग्राफिया’ हा शब्द ‘पी-एच’ने लिहीत, नंतर ‘एफ’ने. शिक्क्यावर ‘पी-एच’ असेल तर फोटो बहुधा १९११ च्या आधीचा किंवा त्यानंतरच्या थोड्या वर्षांतला (जुन्या पेढ्यांनी जुनी पाटी काही काळ चालवली असणार, म्हणून ‘बहुधा’). ‘एफ’ असेल तर मात्र १९११ च्या आधीचा असण्याची शक्यता फारच कमी. ‘नोव्हा गोवा’ हे पणजीचे सरकारी नाव १८४३ पासूनचे, ते शिक्क्यावर असले तर फोटो गोवामुक्तीपूर्व (१९६१ आधीच्या) काळातला. मागे कुणी किंमत टिपली असेल तर तीही पाहा: रुपये आणि टांगा ही नाणी असतील तर १९५८ पर्यंतचा काळ, एस्कुदु असतील तर १९५९ ते १९६१.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीच्या ‘सोझा अँड पॉल’ या स्टुडिओचे नाव मोठे होते. शिक्का मुंबईचा, कराचीचा, मोम्बासाचा, झांझिबारचा निघाला तर आनंद माना, कारण घरातले कोण कुठे गेले होते याचा तो पुरावा आहे. झांझिबारमध्ये एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आलेला ए. सी. गोम्स हा फोटोग्राफर मूळ गोव्याचाच.

आमच्या घरचा मूळ फोटो हा असाच कार्डावरचा, राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) काढलेला, नऊ माणसांचा. मध्ये खुर्चीत पगडीवाले गृहस्थ, शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा, एका बाईच्या मांडीवर तान्हे मूल. शिक्का ‘एफ’चा. देवखोलीवरची तसबीर याच फोटोतून मोठी करून घेतलेली, हे चेहरा जुळवल्यावर कळले.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दारांवरच्या मोठ्या तसबिरी अनेकदा माणूस गेल्यावर एखाद्या समूहफोटोतून चेहरा उचलून केलेल्या असतात. कोट, उपरणे, कधी पगडीसुद्धा स्टुडिओतल्या चित्रकाराने रंगवलेली. त्यामुळे तसबिरीतल्या कपड्यांवरून ‘आमचे पणजोबा सरकारी नोकरीत होते’ असा निष्कर्ष काढू नका. मूळ समूहफोटो शोधा. त्यातली भिंत, खुर्ची, तुळशीवृंदावन, मागे लटकणारे कॅलेंडर, मोटारीची पाटी, पायांतल्या वहाणा हे सगळे खरे असते. कॅलेंडर मोठे करून पाहाच, वर्ष वाचता आले तर अर्धे काम झाले.

माणसांकडे जा, आणि माहेरवाशिणींकडे आधी जा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. कचेरीतले रजिस्टर पुढच्या वर्षीही तिथेच असेल. नव्वदीतल्या माणसाबद्दल तसे म्हणता येत नाही. मी कागदांच्या मागे होते त्या दोन वर्षांत आमच्याकडची दोन माणसे गेली, आणि त्यांना विचारायचे राहिले याची रुखरुख अजून आहे.

साधारणपणे आपण घरात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारतो. माझा अनुभव असा की घराबाहेर दिलेल्या मुलींना अधिक माहीत असते. सून लग्नानंतर येते, तिला आधीचे सगळे ऐकून माहीत. मुलगी त्याच राजांगणात वाढलेली असते, आणि सासरी जाताना माहेरचे दोन फोटो बरोबर घेऊन गेलेली असते. आजोबांची एक चुलत बहीण डिचोली तालुक्यात दिलेली होती. घरातल्या कुणीही तिला कधी या फोटोबद्दल विचारले नव्हते. मी तो हातात दिला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि पगडीवाल्यांवर बोट ठेवून म्हणाली, ‘हो म्हजो बापूय.’ मग मांडीवरच्या तान्ह्यावर बोट ठेवले: ‘आनी ही हांव.’

तिचा बाप म्हणजे आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. शेजारी उभा मुलगा म्हणजे आमचे आजोबा. ‘ताजो बापूय मानमोडयेंत गेल्लो. आमच्या बापायनूच ताका व्हड केलो.’ १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडची जुनी माणसे मानमोडीच म्हणतात. आजोबा पोरके झाले, चुलत्याने वाढवले, आजोबा त्यांना ‘बाबा’ म्हणू लागले. पुढे ‘बाबांची तसबीर’ दारावर लागली, आणि नंतर आलेल्या आजीने बाबा म्हणजे सासरे असे धरले.

बोलायला बसताना काय करायचे, तेवढे सांगते. चवथ हा उत्तम काळ, सगळे गावातल्या घरी असतात, पण आरतीच्या गर्दीत नको. माटोळी (गणपतीवर बांधलेली फळापानांची सजावट) उतरवून झाल्यावरच्या दुपारी बसा. आधी परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि मोबाइल बाजूला ठेवून द्या. प्रश्न नंतर, फोटो आधी. एका वेळी एकच फोटो हातात द्या आणि गप्प बसा. ‘हे पणजोबा ना?’ असे विचारू नका, म्हातारे माणूस ‘हो’ म्हणून मोकळे होते. ‘हे कोण?’ एवढेच विचारा. नावे संपली की जागेकडे वळा: ही विहीर कुठली, रांधण कुठे व्हायचे, तांदूळ कुठून यायचा, या खोलीत कोण झोपायचे. जागा आठवली की माणसे मागोमाग येतात. कोकणीत सांगितले तर कोकणीतच उतरवा, मराठीत आणताना नात्याचे बारकावे निसटतात. ‘बापूय’ आणि ‘बाबा’ यांतला फरक मी मराठीत उतरवला असता तर गेलाच असता.

सांगताना चूक दिसली तरी मध्ये दुरुस्त करू नका. शक्य असेल तर दोन भावंडांना एकत्र बसवा, ती आपसांत वाद घालतात आणि त्या वादातून हवे ते मिळते.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. घटना आठवतात. म्हणून ‘कोणत्या साली?’ असे न विचारता ‘त्याच्या आधी की नंतर?’ असे विचारा. मडगावची राममनोहर लोहियांची सभा १८ जून १९४६ ची. सत्याग्रहींवर गोळीबार झाला तो १५ ऑगस्ट १९५५ ला, आणि मग भारताने केलेल्या नाकेबंदीचा काळ, जेव्हा बटाटे हॉलंडहून येत. मुक्ती १९ डिसेंबर १९६१. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा ओपिनियन पोल १६ जानेवारी १९६७. मांडवीवरचा पूल पडला तो ५ जुलै १९८६ ला. ‘पूल पडला तेव्हा मी पोटुशी होते’ या एका वाक्याने एका घरात चार फोटोंची वर्षे लागली.

जन्मपत्रिका सापडली तर शके पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. शके १८४६ च्या पौषातला जन्म जानेवारीत पडत असेल तर तो १९२५ चा. शाळेत लावलेली तारीख, सरकारी नोंदीतली तारीख आणि पत्रिकेतली तारीख या तीन निरनिराळ्या असणे अगदी नेहमीचे आहे. जन्मासाठी पत्रिकेवर अधिक विश्वास ठेवावा असे माझे मत, ती त्याच वेळी लिहिली गेलेली असेल तर.

आता कागद

एवढे झाल्यावर तुमच्याकडे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष असेल. कचेरीत याच तीन गोष्टी लागतात.

पहिली कचेरी तालुक्याच्या नागरी निबंधकाची. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, १९१२ च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर इथेही जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी धर्माचा भेद न करता नियमित होऊ लागल्या. दाखला मागताना छोटा नमुना घेऊ नका. ‘तेओर’, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल मागा. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत बाळाच्या आईवडिलांबरोबर दोन्ही बाजूंच्या आजीआजोबांची नावे असतात. एका कागदात तीन पिढ्या, आणि बायकांची माहेरची नावेही.

नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत म्हणून घाबरू नका. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. नासिमेंतु म्हणजे जन्म, कासामेंतु लग्न, ओबितु मृत्यू. फिल्यु मुलगा, फील्या मुलगी, पाय बाप, माय आई, आवोश आजीआजोबा, सोल्तेयरु अविवाहित, व्यूवा विधवा, नातुराल म्हणजे अमुक गावचा, मोरादोर म्हणजे अमुक ठिकाणी राहणारा, प्रोप्रिएतारियु जमीनमालक. वर्षे अक्षरी लिहिलेली असतात: ‘मील नोव्हसेंतुश इ किंझि’ म्हणजे १९१५. दोन-तीन नोंदी कुणा जाणत्याबरोबर वाचल्या की चौथी तुम्ही स्वतः वाचाल.

नवख्यांची फजिती होते ती नावांच्या स्पेलिंगमध्ये. पोर्तुगीजमध्ये ‘श’ हा ‘एक्स’ने लिहीत, त्यामुळे शंकर, शांताराम, शांता हे सगळे सूचीत ‘एक्स’खाली सापडतात. ‘क’ कधी ‘सी’ने, कधी ‘क्यू-यू’ने. ‘अ’चा ‘ओ’ होतो, म्हणून गणेशचा ‘गोणेशा’. शेणवी ‘सिनाय’ होतात, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतीम’. आजोबांची नोंद मला पहिल्या दोन फेऱ्यांत मिळाली नाही ती यामुळेच, मी इंग्रजी स्पेलिंगने शोधत होते. मिळाली तेव्हा वर्ष होते १९१५. पणजोबांचा ओबितु १९१८ च्या नोव्हेंबरातला. फोटोतला मुलगा आठ-नऊ वर्षांचा, म्हणजे फोटो १९२४ च्या आसपासचा, आणि तोपर्यंत पणजोबा जाऊन सहा वर्षे झालेली. नव्वदीतल्या आजीचे प्रत्येक वाक्य कागदाशी जुळले.

देवस्थानाकडेही चौकशी करा. १८८६ च्या मझानियांच्या (देवस्थान-संस्थांच्या) कायद्यापासून देवळांच्या महाजनांच्या (हक्कदार सदस्यांच्या) याद्या रीतसर ठेवल्या जातात, मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक. कोमुनिदादीत (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत) गावकारांच्या, म्हणजे मूळ हक्कदार घराण्यांच्या, याद्या वांगडांप्रमाणे (कुळशाखांप्रमाणे) असतात. दोन्हींत बाप-मुलगा अशी साखळी छान मिळते. पण या याद्या ठराविक घराण्यांच्या आणि पुरुषांच्याच. तुमचे घर त्यात नसले तर तुमचा इतिहास नाही असे मुळीच समजू नका.

कुळदेवावरून मूळ गावाचा माग लागतो. सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला. ‘आम्ही मूळचे साष्टीतले’ अशी कथा घरात असेल तर ती याच्याशी ताडून पाहा. मात्र देव आणि भक्त एकाच दिवशी एकाच वाटेने आले असे गृहीत धरू नका.

मालमत्तेचे कागद बहुतेक घरांत असतात आणि फार बोलके असतात. कोणी वारल्यावर न्यायालयात होणाऱ्या ‘इन्व्हेंतारियु’त सगळ्या वारसांची नावे येतात, मुलींची आणि जावयांचीही. नोटरीकडच्या एस्क्रितुरांचेही (दस्तांचेही) तसेच. मोडीतले किंवा गोयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीतले कागद निघाले तर त्यांचे फोटो काढून ठेवा आणि वाचणारा मिळेपर्यंत घडी उलगडायची ओढाताण करू नका. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे भाग पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकात गेले, त्याआधीचे त्यांचे कागद याच लिप्यांत सापडण्याचा संभव अधिक.

ज्या घरांत एकही फोटो नाही, अशी घरे गोव्यात पुष्कळ आहेत. स्टुडिओत जायला पैसे लागत, आणि मुंडकाराच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत राहणाऱ्याच्या) खोपीत फोटो कोण काढणार? त्यांनी १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखालच्या मामलेदार कचेरीतल्या नोंदी, तसेच जमिनीच्या नोंदींचे फॉर्म एक व चौदा पाहावेत. भाटकाराच्या घरच्या समूहफोटोत कडेला, दाराआड, ओटीखाली उभी असलेली माणसे कोण, हेही विचारावे. एका ठिकाणी असे विचारल्यावर एका कुटुंबाला त्यांच्या पणजीचा एकमेव फोटो मिळाला, तिच्या डोक्यावर घागर होती.

घराण्याची एखादी शाखा ख्रिस्ती झालेली असेल, किंवा तुम्ही ख्रिस्ती घरातले असाल, तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी नागरी नोंदींच्या कितीतरी आधीपासूनच्या. फादरना आधी पत्र लिहून वेळ मागा. काही जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या मोफत संकेतस्थळावर आहेत.

एवढ्यानंतर पणजी. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात (१८३२ सालचे हे ग्रंथालय) जुनी वर्तमानपत्रे पाहा: १९०० पासूनचा ‘हेराल्दु’, हेगडे देसायांनी १९१२ मध्ये काढलेला ‘भारत’. निधनवार्ता, आभार, आणि स्टुडिओंच्या जाहिराती. स्टुडिओची जाहिरात कोणत्या वर्षी दिसते यावरून शिक्क्याचा काळ पक्का करता येतो. पुराभिलेख १५९५ पासूनचे, इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य दिलेले दफ्तर. तिथे ‘माझ्या घराण्याबद्दल काय आहे?’ असे विचारून काही हाती लागत नाही. गाव, वर्ष आणि प्रश्न नेमका घेऊन जा. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्रही अभ्यासूंसाठी चांगले.

मूळ कागद किंवा फोटो कोणत्याही दलालाच्या हाती देऊ नका, ‘दोन दिवसांत परत देतो’ म्हणाला तरी.

न सांगितलेल्या गोष्टी

शोधताना अशा जागा येतील जिथे सांगणारा थांबतो. दत्तक, दुसरे लग्न, देवळाशी बांधलेले आयुष्य, घरातून निघून गेलेली विधवा, जातीबाहेरचे लग्न. बोट ठेवून थांबला तर तुम्हीही थांबा, रेकॉर्डिंग बंद करून पाणी द्या. पुन्हा कधीतरी तो स्वतःच बोलेल, किंवा बोलणार नाही. जिवंत माणसांना दुखावणारी माहिती वहीत ठेवा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. पण वहीतून ती खोडू नका. आमच्या म्हाळाच्या यादीत एका बाईचे नाव आहे, नाते लिहिलेले नाही. भटजी दरवर्षी ते उच्चारतात. ती कोण हे मला अजून कळलेले नाही आणि मी विचारणे सोडलेले नाही.

कथा आणि कागद जुळले नाहीत तर

कथा लगेच फेकून देऊ नका. ती का तयार झाली ते शोधा. आमच्याकडची कथा एका ‘बाबा’ या शब्दातून तयार झाली होती, आणि त्या शब्दामागे वाढवल्याचे ऋण होते. कागदही चुकतात: कारकुनाने गावाचे नाव चुकवले, तारीख उशिरा लावली. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली माहिती जुळली तरच मी वहीत पक्क्या शाईने लिहिते, नाहीतर पेन्सिलने.

वर्षभरात पाच-सहा फोटो जरी असे पूर्ण झाले तरी पुष्कळ झाले. झालेल्या फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: डावीकडून उजवीकडे नावे आणि नाती, ठिकाण, अंदाजे वर्ष, कोणी सांगितले आणि कधी. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

देवखोलीवरची तसबीर आम्ही उतरवली, पुठ्ठा बदलला, आणि आतल्या कागदावर त्यांचे खरे नाव, पणजोबांशी नाते आणि डिचोलीच्या आजीने सांगितल्याची तारीख लिहिली. पणजोबांचा फोटो मिळालेला नाही. त्यांच्या ओबितुची नक्कल एका साध्या चौकटीत घालून शेजारी लावली आहे. चवथीला आता दोघांनाही नमस्कार करतो.